आठवड्याची दुसरी सुट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, अशी प्रथा आहे. तो चिटणीसबाईंनी अहवालात केलाच आहे, आणि माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत केला आहे. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. आपल्या पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या आठ जणींनी गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे एक अर्ज ठेवला. रविवारखेरीज आठवड्यातून आणखी एक दिवस सुट्टी मिळावी आणि पगार मात्र आहे तोच राहावा, असा तो अर्ज. अर्ज चार ओळींचा. पण त्यावर सभा अडीच तास चालली आणि निर्णय काही झाला नाही. "काम कमी आणि पैसा तेवढाच, हे कोणत्या दुकानात चालते?" असे एका भगिनीने विचारले. प्रश्न रास्त आहे. केंद्राचा हिशेब मी लिहिते, तेव्हा उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले. ते उत्तर मी कार्यकारिणीपुरते न ठेवता सर्वांपुढे ठेवीत आहे, कारण केंद्राच्या पोळ्या ज्यांच्या पानात पडतात त्यांचाही यात संबंध येतो.

प्रथम रविवारचीच गोष्ट घेऊ. रविवारची सुट्टी आपल्याला पंचांगाइतकी जुनी वाटते. ती तशी नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याच्या सुट्टीचा नेम असा नसे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी सरकारी कमिशनपुढे मागणे मांडले. त्यात आठवड्याची एक सुट्टी ही पहिली मागणी होती. मालकांनी लगेच मान डोलावली असे मुळीच नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि भगिनींनो, त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. घरंदाज स्त्रीने चार माणसांत बोलणेही वावगे समजले जाण्याचा तो काळ; त्यात गिरणीतल्या दोन बायका दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा आपल्या लोकांना तो परका वाटला नाही, यात नवल नाही.

पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सरकारमान्य झाली आणि कारखान्यात स्त्रियांच्या कामाला दिवसाकाठी अकरा तासांची मर्यादा पडली. अकरा तास ही तेव्हा सवलत होती, हे ध्यानात घ्या! त्यानंतर १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४, आणि डॉक्टर आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना तयार झालेल्या दुरुस्तीने १९४६ साली ४८ तास, असे हे आकडे उतरत आले. १९४८ च्या कायद्याने ४८ कायम केले. तेव्हापासून आजपर्यंत आपण त्याच पायरीवर आहो. ४८ ही कायद्याने घालून दिलेली कमाल मर्यादा आहे. तेवढे काम घेतलेच पाहिजे, असे कायदा कोठेही म्हणत नाही. आपल्या केंद्रात सकाळी सात ते बारा आणि सायंकाळी चार ते सात, असे आठ तास, सहा दिवस काम चालते. म्हणजे आपण त्या रेषेवर अगदी बोट ठेवून उभे आहो.

आता "दुसरी सुट्टी" या शब्दांत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. महाराष्ट्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लावला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे. आता सगळेच शनिवार मोकळे झाले. पण त्याबरोबर रोजच्या कामाची वेळ पाऊण तासाने वाढली. कामाचे तास कमी झाले नाहीत, फक्त घडी दुसरी घातली. कोणाला ते सोयीचे झाले असेल, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु कर्जत-बदलापुराहून गाडीने जाणाऱ्या बाईला विचारा, संध्याकाळचा पाऊण तास म्हणजे काय असतो ते! पुढची गाडी, पुढची गर्दी, आणि घरी पोचेपर्यंत मुलाचा अभ्यास आटोपलेला किंवा बुडालेला. आपल्या केंद्रात जर कोणी म्हणेल की, पाच दिवस रोज साडेनऊ तास काम करा आणि शनिवारी घरी बसा, तर ती सूचना मी आताच बाजूला ठेवते. तव्यापुढे उभे राहण्याच्या कामात नववा तास हा आठव्या तासासारखा नसतो. ज्यांनी लग्नाच्या पन्नास पानांच्या पोळ्या एकटीने लाटल्या आहेत त्यांच्या खांद्यांना हे माहीत आहे. अर्ज आहे तो खरोखरच तास कमी करण्याचा: ४८ चे ४०.

असे कोणी करून पाहिले आहे काय? पाहिले आहे. न्यूझीलंडमध्ये मृत्युपत्रे आणि विश्वस्तनिधी सांभाळणाऱ्या एका कंपनीने २०१८ साली आपल्या सुमारे २४० नोकरांना पाचाऐवजी चार दिवस काम आणि पूर्ण पगार, असा आठ आठवड्यांचा प्रयोग केला आणि त्याच वर्षी तो कायम केला. इंग्लंडात २०२२ च्या जून ते डिसेंबरात ६१ संस्थांनी मिळून, सुमारे २९०० माणसांवर, हाच प्रयोग केला. यांतल्या बहुतेक संस्था लहान, पंचवीस किंवा त्याहून कमी माणसांच्या होत्या. प्रयोग संपल्यावर ६१ पैकी ५६ संस्थांनी तो चालू ठेवला. आजारपणाच्या रजा ६५ टक्क्यांनी उतरल्या, नोकरी सोडून जाणारे ५७ टक्क्यांनी कमी झाले, आणि उत्पन्न घटले नाही.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. या संस्था आपण होऊन पुढे आलेल्या होत्या; ज्यांचे जमणार नव्हते त्या आल्याच नसतील. शिवाय बहुतेकांचे काम मेजावरचे. तेथे वेळ वाचवायचा तर लांबलेल्या बैठका आखूड करता येतात. आपल्याकडे बैठक कोठे आहे? पोळीला पोळीचा वेळ लागतोच. मला त्या यादीत एकच नाव आपल्या कामाचे वाटले: नॉरफोकच्या किनाऱ्यावरील एका गावातले तळलेल्या मासळीचे दुकान. गिऱ्हाईक दारात उभे, तेल तापलेले, सुट्टीच्या दिवसांत यात्रेसारखी गर्दी. आणि तरीही त्यांनी दोन दिवस काम, दोन दिवस विश्रांती अशा आळीपाळीने ते बसवले. दुकान बंद ठेवले नाही, माणसे पाळीने आली. आपल्याला उपयोगी पडणारी खूण ही आहे.

म्हणून मी दोन आठवडे केंद्रात वही घेऊन बसले. आधी सगळ्यांना वाटले, मी कोण किती पोळ्या लाटते ते मोजते आहे. दोघी तर माझ्याशी बोलेनात. मी मोजत होते ते दुसरेच. कोण कशासाठी थांबली, ते मी लिहीत होते. सकाळी कणीक भिजेपर्यंत पोळीवाल्या थांबतात. भाजीवाला उशिरा आला की चिरणाऱ्या थांबतात. "आज किती डबे?" हे साडेदहापर्यंत कोणालाच ठाऊक नसते, कारण निम्मे लोक दहा वाजता फोन करतात, मग अंदाजाने लाटलेल्या पोळ्या कधी उरतात, कधी कमी पडून पुन्हा परात घ्यावी लागते. संध्याकाळी सुट्ट्या पैशांवरून खिडकीशी खोळंबा होतो तो निराळाच. एकूण पाहता प्रत्येकीचा दिवसाकाठी पाऊण तास वाट पाहण्यात जातो. तो आराम नव्हे. उभ्याने, हात पुसत, घड्याळाकडे बघत काढलेला तो वेळ असतो.

आता हिशेब. आठ जणी, सहा दिवस, म्हणजे आठवड्याचे ४८ हजेरीचे दिवस. प्रत्येकीला पाच दिवस काम दिले तर ४० उरतात. आठ दिवसांची तूट. ती सहा दिवसांवर सारखी वाटण्याचे कारण नाही, कारण शनिवारी कचेऱ्या बंद असल्यामुळे आपले डबे निम्म्यावर येतात आणि तरीही त्या दिवशी आठही जणी येतात. शनिवारी चौघी पुरतील. मग सोमवार ते गुरुवार सात सात जणी आणि शुक्रवारी आठही. चार सत्ते अठ्ठावीस, आठ आणि चार मिळून बरोबर ४०. चौघींना शनिवार-रविवार जोडून मिळेल, चौघींना मधला एक वार. महिन्याने पाळी बदलायची. केंद्र एकही दिवस जास्त बंद राहणार नाही. वरच्या मजल्यांवर एकट्या राहणाऱ्या ज्या आजी-आजोबांना शनिवारीही डबा लागतो, त्यांना तो मिळेल. शनिवारी केंद्र सरसकट बंद ठेवावे ही सूचना सोपी होती. पण त्यांच्याकडे पाहून मला ती पटली नाही.

सोमवार ते गुरुवार एक जण कमी, म्हणजे रोजचे आठ तास कमी. सात जणींचा वाट पाहण्यातला पाऊण पाऊण तास सगळाच्या सगळा वाचला असे धरले तरी सव्वापाच तास होतात. पावणेतीन तास उरतात. ते हवेतून येणार नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. कणीक मळण्याचे यंत्र घेतले तर त्यांतले बरेच निघतील. त्याचे पैसे मंडळाच्या शिलकेतून द्यावे लागतील, आणि यंदाची सहल कदाचित जवळच्या देवळापर्यंतच जाईल. राहिलेल्यासाठी रोजच्या दोन भाज्यांऐवजी एक भाजी आणि एक उसळ किंवा आमटी, असा बेत ठेवावा. दर वाढवण्याच्या मी विरुद्ध नाही; परंतु तो शेवटचा उपाय, कारण दर वाढला की पहिला डबा बंद होतो तो ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याचा.

पगाराच्या बाबतीत एक गाठ आहे, ती अर्जात आलेली नाही. आठ जणींपैकी चौघी महिना पगारावर आहेत आणि चौघी नगावर, म्हणजे पोळीमागे पैसे घेतात. महिना पगारवालीला पाच दिवस काम आणि तोच पगार, म्हणजे सुट्टी. नगावरच्या बाईला तीच गोष्ट म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. दोघींना एकाच कागदाने सुट्टी देता येत नाही. आपल्या घरगुती उद्योगांत नगावरची आणि वजनावरची मजुरी फार जुनी आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाचा जो उद्योग सुरू केला आणि जो आज घरोघर माहीत आहे, तेथेही लाटणीचा मोबदला लाटलेल्या पापडांवरच मिळतो. त्या पद्धतीत बाईला आपल्या सोयीने काम करता येते, हा तिचा गुण. पण तिला सुट्टी ही वस्तूच देता येत नाही, हा तिचा दोष. म्हणून माझी सूचना अशी की, नगावरच्या चौघींची गेल्या बारा महिन्यांची सरासरी मिळकत काढून तेवढा महिना पगार ठरवावा, आणि मगच सुट्टीचा नियम लावावा. हे न करता पुढचे पाऊल टाकले, तर अर्ज करणाऱ्या आठ जणींपैकी चौघींना आपण त्यांच्याच सहीने फसवले असे होईल.

कार्यकारिणीत दुसरा आक्षेप आला तो खर्चाचा नव्हता, आणि मला तो अधिक जड वाटतो. "सुट्टी दिली तरी ती घरच्या कामातच जाणार, मग मंडळाने झीज का सोसावी?" केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची जी पाहणी केली तिच्यात असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. ही मिनिटे कोणत्याच कायद्याच्या ४८ तासांत धरलेली नाहीत. तेव्हा आक्षेप खोटा नाही. दुसरी सुट्टी मिळालेली बाई त्या दिवशी गोधड्या धुईल, डबे घासून दळण करील, सासऱ्यांना दवाखान्यात नेईल. पण ही कामे आज होत नाहीत काय? होतात; ती रात्री दहानंतर होतात आणि पहाटे पाचच्या आधी होतात. किंवा मग अचानक रजा पडते. हजेरीपुस्तक माझ्याकडे आहे. आयत्या वेळी "आज येत नाही" असा निरोप येतो त्या दिवशी केंद्राची जी तारांबळ उडते ती आठवा, आणि आधी ठरलेल्या वारी एक जण नसण्याशी तिची तुलना करा.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक गावी न्याहारीचे पदार्थ करणारा केलॉगचा कारखाना आहे. मंदीच्या काळात, १९३० च्या डिसेंबरात, अधिक माणसांना काम मिळावे म्हणून त्याने आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच लोक, विशेषतः पुरुष, अधिक पैशांसाठी आठ तासांकडे परत गेले. सहा तासांना शेवटपर्यंत चिकटून राहिल्या त्या बहुतेक स्त्रिया. १९८५ साली ती पाळी बंद झाली तोवर. त्यांनाही घरकाम होतेच. तरी त्यांनी त्या दोन तासांची किंमत पैशांहून अधिक मानली. कशासाठी मानली, ते प्रत्येकीचे तिला ठाऊक.

आणि ते तिलाच ठाऊक असावे, असे माझे मत आहे. सभेत एक सूचना आली होती की, सुट्टी द्यायचीच तर त्या दिवशी केंद्रातल्या बायकांसाठी शिवणाचा किंवा इंग्रजी संभाषणाचा वर्ग ठेवावा, म्हणजे वेळ सत्कारणी लागेल. हेतू चांगला आहे. पण आपल्यापैकी ज्यांचे यजमान शनिवारी घरी असतात त्यांनी सांगावे, त्यांच्यासाठी कचेरीने असा वर्ग ठेवला आहे काय? ते वर्तमानपत्र वाचतात आणि दोनदा चहा मागतात. केंद्रातली बाई सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपली तर मंडळाने तिला उठवू नये.

येथे जाता जाता एक गोष्ट बोलते. काहींना ती रुचणार नाही. आज सभेला आलेल्यांपैकी बहुतेकींच्या घरी भांडी-धुण्याला बाई येते. केंद्रातल्या बायकांना आठवड्याचा दुसरा दिवस द्यावा की नाही यावर आपण अडीच तास वाद घातला. त्या बाईला पहिलाच मिळालेला नाही. लोखंड्यांच्या त्या सभेला १८९० पासून आज इतकी वर्षे झाली, तरी पुष्कळ घरांत तिचा रविवार अजून उगवायचा आहे. हा विषय आजच्या अर्जाचा नाही, म्हणून येथेच थांबते. पुढच्या सभेत तो कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी लेखी सूचना मी चिटणीसबाईंकडे दिली आहे.

माझी शिफारस अशी. दिवाळीच्या फराळाची घाई संपल्यावर, मार्गशीर्षापासून तीन महिने हा प्रयोग करावा. आधी नगावरच्या चौघींचा पगार ठरवावा आणि यंत्र आणावे. तीन महिने पाच गोष्टी वहीत लिहाव्या: किती डबे गेले, किती पोळ्या उरल्या, किती तक्रारी आल्या, आयत्या वेळच्या रजा किती पडल्या, आणि गल्ल्यात किती जमले. मागच्या वर्षाच्या याच महिन्यांचे आकडे माझ्याजवळ आहेत, ते शेजारी मांडू. तूट फार आली तर मीच सांगेन की हे आपल्याला परवडत नाही, आणि ते सांगताना केंद्रातल्या आठही जणी समोर बसलेल्या असतील.

शेजाऱ्यांकडे आमचे मागणे एकच आहे. उद्याचा डबा आज रात्री आठपर्यंत सांगा. सकाळी दहाचा फोन बंद झाला, तर सव्वापाच तासांतले निम्मे तरी तेवढ्यानेच वाचतील; ते आमच्या हाती नाही, तुमच्या हाती आहे. पाहुणे आयत्या वेळी येतात, हे कबूल. त्यांच्यासाठी दहा डब्यांची सोय रोज राखून ठेवू, जो आधी येईल त्याला. शनिवारचा डबा ज्यांना लागतो त्यांनी आपली नावे मंडळाच्या कचेरीतल्या निळ्या वहीत या आठवड्यात लिहावी, म्हणजे चौघी पुरतात की पाच लागतात ते कळेल. पहिल्या महिन्यात कोणाला कोणता वार, हे ठरवण्याची बैठक बुधवारी दुपारी दोन वाजता केंद्रातच आहे. ती केंद्रातल्या आठ जणींची आहे. कार्यकारिणीतून मी एकटीच जाणार, आणि तेही वही लिहिण्यापुरती.